हरतालिकेच्या रात्रीचा ताप

२०२५ च्या ऑगस्टमधली गोष्ट. नातीला घ्यायला मी शाळेच्या फाटकाशी उभी होते. दुसऱ्या दिवशी हरतालिका आणि परवा गणपती. आयांचा घोळका जमला होता आणि बोलणे अर्थातच सणाचे चालले होते. कुणाच्या घरी यंदा दीड दिवसाचा, कुणाची मूर्ती आणायची राहिली आहे, खंडेराव मार्केटात फुलांचा भाव काय झाला आहे, वगैरे. तेवढ्यात एक आई म्हणाली, "मला तर उद्या दुपारची शिफ्ट लावलीय. मी सरळ सकाळी फोन करून सांगणार, ताप आहे म्हणून." दुसरी म्हणाली, "ताप नको सांगूस, डॉक्टरचा कागद मागतात. पोट बिघडलंय सांग. त्यावर कुणी फार विचारत नाही." सगळ्या हसल्या. मीही हसले.

घरी आल्यावर मात्र ते हसू मला टोचू लागले. कारण हाच फोन मी स्वतः एकदा केलेला आहे आणि पुढे सतरा वर्षे असे फोन घेण्याचे कामही केलेले आहे. दोन्ही बाजू पाहिलेले माणूस या विषयावर दोन शब्द बोलू शकते, असे वाटले म्हणून हा लेखनप्रपंच. उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही, हे पुढचे वाचल्यावर आपल्या लक्षात येईलच.

मी बडोद्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात ३६ वर्षे परिचारिका होते. १९८७ साली लागले आणि २०२३ साली निवृत्त झाले. रुग्णालयात दिवसाचे तीन तुकडे असतात. सकाळी ८ ते दुपारी २, दुपारी २ ते रात्री ८ आणि रात्री ८ ते सकाळी ८. नाइटला आमच्या मेडिसिन वॉर्डात ४० खाटांना एक सिस्टर आणि एक आया असे. दर महिन्याला ड्यूटीचा तक्ता लागायचा आणि तो लागला की प्रत्येकीची बोटे आधी सणाच्या तारखांवर फिरायची.

१९९६ साली हरतालिकेच्या रात्रीची ड्यूटी माझ्या नावावर आली. आमचे घर तेव्हा दांडिया बाजारात, भाड्याच्या दोन खोल्यांचे. यजमान फर्टिलायझरमध्ये शिफ्टला. सासूबाई थकलेल्या. घरचा गणपती, दुसऱ्या दिवशी एकवीस मोदकांचा नैवेद्य, जेवायला नणंदेकडची मंडळी येणार. त्यात माझा हरतालिकेचा निर्जळी उपवास. रात्रभर वॉर्डात उभे राहून सकाळी साडेआठला घरी यायचे आणि मग सोवळ्यात स्वयंपाकाला लागायचे, या विचारानेच मला रडू येत होते. मेट्रनबाईंकडे जाऊन मी रजा मागितली का? नाही. मागून मिळणार नाही असे मीच ठरवून टाकले होते. संध्याकाळी पाच वाजता गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पी.सी.ओ.वर गेले, आवाज जरा बसका केला आणि सांगितले, "मला ताप भरलाय. उभंही राहवत नाही."

उपवासाने अंगात त्राण नव्हते, हे खरे. ताप मात्र नव्हता. अशक्तपणा खरा आणि ताप खोटा, असे ते प्रकरण होते. त्यामुळे माझ्या मनाला समजूत घालणेही सोपे गेले. थोडे खरे असले की उरलेले खोटे त्याच्या आडोशाने निभावून जाते.

त्या दिवशी दुपारच्या पाळीला केरळहून आलेली एक तरुण सिस्टर होती. रात्री आठला मी जाऊन तिला सोडवायचे. मी गेले नाही, तेव्हा तिलाच डबल ड्यूटी लागली. दुपारी २ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८, म्हणजे सलग १८ तास. हरतालिकेला रात्री जागरण करायचे असते. मी घरी आरास करून एक वाजता झोपले. माझ्या नावचे जागरण तिने केले. चाळीस रुग्णांची रात्री दहाची इंजेक्शने, संपत आलेली सलाईने, पहाटेचे ताप-नाडीचे तक्ते, सकाळच्या तपासणीसाठी काढायचे रक्त, हे सगळे तिच्या एकटीवर पडले.

सकाळी साडेनऊच्या सुमारास दारात कुणी तरी उभे राहिले. पाहते तो तीच. हॉस्टेलवर जाऊन झोपायचे सोडून ती विचारत विचारत दांडिया बाजारात आली होती. एका हातात मोसंब्यांची पिशवी, दुसऱ्या हातात तापाच्या गोळ्यांची पट्टी. मी नऊवारी नेसून, हाताला पीठ लागलेली, मोदकाची पारी करत बसलेले. आमच्या घरातून उकडीचा वास येत होता आणि आत आरतीच्या टाळांची जुळवाजुळव चालली होती.

तिने माझ्याकडे पाहिले. मग तिच्या मोडक्यातोडक्या गुजरातीत विचारले, "बेन, ताप उतरला का?" मी म्हटले, "हो, पहाटे उतरला." तिने मान हलवली. सासूबाईंनी तिला बसवून घेतले, पाणी दिले. गणपतीला हात जोडून ती निघाली. मोसंब्यांची पिशवी कोनाड्यात ठेवून गेली. ती मोसंबी आमच्या घरात दोन दिवस पडून होती. मला त्यांना हात लावता आला नाही.

तीन वर्षांनी एका नाइटला, पहाटे चहा घेताना, मी तिला सगळे सांगितले. ती म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं." एवढेच. मला वाटले होते ती रागावेल. रागावली असती तर बरे झाले असते.

आता मुख्य मुद्दा. सणाच्या आदल्या दिवशी आजारी असल्याचा फोन करावा की करू नये? माझे मत स्पष्ट आहे. करू नये. पण त्याचे कारण "खोटे बोलणे पाप" एवढेच मी देणार नाही. ते आपल्याला बालवाडीपासून ठाऊक आहे आणि तरीही आपण फोन करतोच.

कारण असे की, तो फोन जिथे पोहोचावा असे आपल्याला वाटते तिथे तो पोहोचतच नाही. आपण समजतो, आपण व्यवस्थापनाला फसवले. रजा देत नाहीत ना, मग घ्या! पण साहेब त्या दिवशी संध्याकाळी आपल्या घरी मखर बांधत असतो. त्याचे काहीही बिघडत नाही. बिघडते ते जिची पाळी संपत आली आहे तिचे. तिची पर्स खांद्याला लावून झालेली असते, मुलाला घरी येण्याची वेळ सांगून झालेली असते. आणि आठला दहा मिनिटे असताना तिला कळते की आज सुटका नाही.

इथे कामाकामात फरक करायला हवा. काही कामे अशी असतात की माणूस आले नाही तर टेबल रिकामे राहते आणि कागद दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहतात. तिथेही खोटी रजा चांगली नव्हेच, पण तिचे ओझे लगेच कुणाच्या पाठीवर पडत नाही. दुसरी कामे अशी की बदलीचा माणूस आल्याशिवाय पहिल्याला जागा सोडता येत नाही. रुग्णालय, रेल्वेचे स्टेशन, वीज उपकेंद्र, पाणीपुरवठा, पोलीस चौकी, कोयलीची रिफायनरी, फर्टिलायझरसारखे रात्रंदिवस चालणारे कारखाने. आपल्या शाळेतल्या कितीतरी घरांची चूल अशाच कामांवर पेटते. या कामांत "मी येत नाही" या वाक्याचा अर्थ "तू जाऊ नकोस" असा होतो. ते वाक्य आपण साहेबाला ऐकवतो, पण त्याचा हुकूम सुटतो तो आपल्या सोबतिणीवर.

शिवाय सणाची आदली रात्र ही काही आळसाची रात्र नसते. बडोद्यात उत्तरायणाच्या दिवशी गच्चीवरून पडलेली मुले आणि मांज्याने गळा कापलेले दुचाकीवाले अपघात विभागात येतात. नायलॉनच्या मांज्यावर २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने देशभर बंदी घातली, तरी असे रुग्ण येणे थांबले नाही. दिवाळीत भाजलेले येतात. ज्या दिवशी हजेरी सर्वांत पातळ होते, नेमका त्याच दिवशी कामाचा भार वाढतो. १८ तास उभ्या असलेल्या सिस्टरच्या हातून पहाटे पाच वाजता एखादे इंजेक्शन चुकले तर दोष कुणाचा? कागदोपत्री तिचाच. माझ्या वेळी तसे काही घडले नाही, हे माझे नशीब. त्यात माझे कर्तृत्व काहीच नाही.

आता दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडायला हवी. माणसे खोटे का बोलतात? कारण खरे बोलून रजा मिळत नाही. "उद्या गणपती आहे, मला सुटी हवी" असे म्हटले की "सगळ्यांचेच गणपती आहेत" असे उत्तर मिळते. "ताप आहे" म्हटले की त्यावर उत्तर नसते. जिथे खऱ्याला दार बंद आणि खोट्याला उघडे, तिथे माणूस कुठल्या दाराने जाईल, हे सांगायला शास्त्री नको. वर्षानुवर्षे त्याच त्या गरीब स्वभावाच्या बाईला दिवाळीची नाइट लावायची आणि तिने एकदा फोन केला की शिस्तीच्या गोष्टी सांगायच्या, हा कुठला न्याय?

२००६ साली मी वॉर्डाची इन्चार्ज झाले आणि तक्ता लावण्याचे काम माझ्याकडे आले. पहिल्याच वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी दुपारी मला लागोपाठ दोन फोन आले. एकीला ताप, दुसरीची कंबर धरलेली. दुसरीचा आवाज मला माझ्या स्वतःच्या दहा वर्षांपूर्वीच्या आवाजासारखा वाटला. मी तिला काहीच बोलू शकले नाही. त्या रात्री मीच थांबले. यजमानांनी फोनवर एवढेच विचारले, "मोदकांचं सारण कुठल्या डब्यात आहे?"

त्यानंतर मी काही गोष्टी सुरू केल्या. त्या फार मोठ्या नाहीत, पण उपयोगी पडल्या म्हणून सांगते.

वर्षाच्या सुरुवातीला ड्यूटीरूममध्ये एक कागद लावायचा. प्रत्येकीने त्यावर एकच सण लिहायचा, जो तिला काहीही झाले तरी घरीच हवा. दोन नाही, एकच. त्या दिवशी आणि त्याच्या आदल्या रात्री तिला शक्यतो ड्यूटी लावायची नाही. एकाच सणावर जास्त नावे आली तर गेल्या वर्षी जिने तो सण वॉर्डात काढला तिला पहिला हक्क. अदलाबदल करायची असेल तर दोघींनी वहीत सही करायची, म्हणजे पुढे "मी कधी म्हटलं होतं?" हा प्रश्न नको. आणि प्रत्येक मोठ्या सणाच्या आदल्या दिवशी एक नाव राखीव ठेवायचे. कुणी खरोखरच आजारी पडले तर हिला बोलावणार, हे तिला आणि तिच्या घरच्यांना आधीपासून माहीत असायचे. बोलावणे आले नाही तर ती घरीच.

या बाबतीत आपले बडोदे मोठे सोयीचे गाव आहे, हे मला तेव्हा कळले. पुण्याला माझी एक मावसबहीण परिचारिका होती. तिच्या वॉर्डात जवळजवळ सगळ्याच मराठी, त्यामुळे गणपतीला सगळ्यांनाच घरी जायचे असे. ती म्हणायची, "तुमचं बरं आहे ग." खरेच बरे होते. माझ्या वॉर्डात गुजराती, मराठी, केरळच्या ख्रिस्ती, मुसलमान, आदिवासी भागातून आलेल्या अशा सगळ्याजणी होत्या. गुजराती सिस्टरांना उत्तरायणाचे दोन्ही दिवस गच्चीवर हवेत, तर ते आम्ही मराठी सांभाळायचो. त्या बदल्यात हरतालिकेची रात्र आणि गणपतीचा दिवस त्या सांभाळायच्या. गुढीपाडव्याला त्या, नवरात्रात गरब्याच्या रात्री आम्ही. नागपंचमीसुद्धा आपली श्रावण शुद्धातली आणि त्यांची वद्यातली, त्यामुळे तिथेही भांडण नाही. नाताळच्या आदल्या रात्री ख्रिस्ती मुलींना चर्चमध्ये जायचे असे, ती रात्र आम्ही हिंदू-मुसलमान बायका वाटून घ्यायचो. ईदचा प्रश्न वेगळा. चंद्र दिसल्यावरच दिवस ठरतो, म्हणून त्यासाठी लागोपाठ दोन दिवस मोकळे ठेवावे लागत. आणि ओणम सरकारी सुट्यांच्या यादीत नव्हता, म्हणून आमच्या केरळच्या मुलींनी तो कधी मागितलाच नव्हता. कागद लावल्यावर पहिल्यांदा कुणी तरी तिथे "ओणम" असे लिहिले. इतकी वर्षे आपण एकत्र काम केले आणि यांचाही एक सण आहे हे आपल्याला विचारावेसे वाटले नाही, याची मला लाज वाटली.

हे सगळे गोड गोड झाले असे मी म्हणणार नाही. दिवाळी सुटत नसे. लक्ष्मीपूजन सगळ्यांनाच हवे. दुसऱ्या दिवशीचा पाडवा आपल्याला हवा आणि तोच गुजरात्यांचा बेसतुं वरस, म्हणजे त्यांचे नवे वर्ष. तिथे आम्ही दिवसाचेच तुकडे केले. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ जिला हवी तिने पाडव्याची सकाळ द्यायची, आणि उलट. तरीही एका वर्षी दोघींचे असे बिनसले की सहा महिने त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. खोटे फोनही पूर्ण थांबले नाहीत. पण कमी झाले, आणि मुख्य म्हणजे, आजारी असल्याचा फोन आला की तो खरा धरता येऊ लागला.

हे शेवटचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आजारपणाची रजा ही एक सामायिक ठेव आहे. सरकारी नियमांतही तिचा हिशेब निराळा ठेवलेला असतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला किरकोळ रजा वर्षाला ८, तर अर्धपगारी रजा २० दिवस. वैद्यकीय दाखल्यावर ती पूर्ण पगारी करून घेतली तर दुप्पट दिवस वजा होतात. म्हणजे नियम करणाऱ्यांनीही हे धरलेच आहे की माणूस आजारी पडणार आणि त्या वेळी त्याला आधार हवा. प्रत्येक खोट्या तापाने ही ठेव थोडी झिजते. मग जिला खरोखर ताप आहे, तिला साहेब विचारतो, "काय, उद्या सण आहे वाटतं?" तो प्रश्न तिच्या वाट्याला आपण पाठवलेला असतो. २०२० साली करोनाच्या काळात आम्ही उलटा प्रकार पाहिला. अंगात कणकण असलेली माणसे लोक काय म्हणतील या भीतीने कामावर येत होती आणि आम्ही हात जोडून सांगत होतो, बाई, घरी राहा. आजारी माणसाने घरी राहणे हे त्याचे कर्तव्यच आहे, वॉर्डात तर दुप्पट. म्हणून "मला बरे नाही" हे तीन शब्द खरे राहिले पाहिजेत. ते खोटे पडू लागले की आजारी माणूस कामावर येतो आणि धडधाकट माणूस घरी बसतो.

कुणी म्हणेल, तुम्ही इन्चार्ज होतात, तक्ता तुमच्या हातात होता. आमच्या हातात काय आहे? मॉलमध्ये, खाजगी रुग्णालयात, ठेकेदाराकडे काम करणाऱ्या मुलींना कोण विचारतो? हा प्रश्न रास्त आहे. एक दिवस गैरहजर राहिले की पगार कापला जातो आणि दोनदा राहिले की नोकरीच जाते, अशा ठिकाणी काम करणारी मुलगी वर्षातून एकदा पोट बिघडल्याचा फोन करत असेल, तर मी तिला खोटारडी म्हणणार नाही. तिच्याआधी तिच्या मालकाला चार प्रश्न विचारीन. परिचारिकांच्या कामाबद्दल आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७७ साली ज्या शिफारशी केल्या, त्यांत ड्यूटीचा तक्ता पुरेसा आधी द्यावा, म्हणजे त्यांना घरचे नियोजन करता येईल, असे सांगितले आहे. जी गोष्ट इतकी साधी आहे ती अजून आपल्याकडे उपकारासारखी दिली जाते. आपल्या पालकांपैकी जे दुकानाचे मालक आहेत, सुपरवायझर आहेत, ज्यांच्या हातात असे तक्ते आहेत, त्यांनी हा लेख आपल्या कर्मचाऱ्यांना वाचायला देण्याआधी स्वतःचा तक्ता एकदा पाहावा, ही विनंती.

तरीही त्या मुलीला मी एक सुचवीन. फोन करण्याआधी एकदा खरे मागून पाहा. मागायचे ते आदल्या दिवशी नाही, महिनाभर आधी. आणि नुसते "मला सुटी द्या" असे नाही, तर "मी अमुक दिवस करते, माझा हा दिवस तमुक करायला तयार आहे" असे. जोडीदार घेऊन गेलेल्या माणसाला नकार देणे साहेबाला जड जाते. नकार मिळालाच, तर जिची पाळी तुमच्या आधी आहे तिला स्वतः फोन करा आणि खरे काय ते सांगा. तिला दोन तास जास्त थांबता येईल का, ते विचारा. माझ्या अनुभवात अशा विनंतीला "नाही" फार कमी वेळा ऐकू आले. १९९६ साली मी त्या केरळच्या मुलीला सरळ म्हटले असते, "अगं, माझा उपवास आहे, घरी गणपती येणार आहेत, आजची रात्र सांभाळशील का? तुझी पुढची नाइट मी करते," तर तिने ती आनंदाने सांभाळली असती. रात्र तीच, १८ तास तेच. पण ते तिने दिलेले ठरले असते. मी ते तिच्याकडून काढून घेतले.

शेवटी शाळेच्या या पत्रिकेत हे का लिहिले, ते सांगते. त्या दिवशी पी.सी.ओ.वर मी एकटी नव्हते. माझी मुलगी, आपल्याच शाळेत तिसरीत शिकणारी, माझे बोट धरून उभी होती. तिने सगळे ऐकले. त्या वेळी काही बोलली नाही. दिवाळीची सुटी संपल्यावर, शाळा उघडायच्या दिवशी सकाळी, अंथरुणातून म्हणाली, "आई, बाईंना चिठ्ठी लिही ना, मला ताप आहे म्हणून. तुला होता ना, तसा."

मी चिठ्ठी लिहिली नाही. पण तिला रागावूही शकले नाही. आपण सगळेच कधी ना कधी अशा चिठ्ठ्या लिहितो. सुटीला जोडून एक दिवस गावी जास्त राहिलो की "पोटात दुखत असल्याने". बाईंना ते कळत नाही असे थोडेच आहे? हजेरीपटावर कुणाचे पोट कुठल्या तारखांना दुखते हे त्यांना पाठ असते. "आजोळी राहिलो म्हणून येऊ शकला नाही" असे लिहिले तर फार तर बाई दोन शब्द बोलतील. तेवढे ऐकून घ्यायला काय हरकत आहे? मुलाला एक गोष्ट तरी कळेल, की खरे सांगूनही निभावते.

ती केरळची सिस्टर २०१४ साली नोकरी सोडून गावी गेली. जाईपर्यंतच्या आठ वर्षांत ओणमच्या आदल्या रात्रीची तिची ड्यूटी कधी आली, तर ती मी केली. हिशेब फिटला असे मी समजत नाही. अजूनही गणपतीच्या दिवशी तिचा फोन येतो आणि ती न चुकता विचारते, "बेन, तब्येत बरी ना?"

यंदाच्या गणपतीत आपल्यापैकी ज्यांना आदल्या दिवशीची पाळी लागेल, त्यांनी आजच जाऊन विचारावे. अजून वेळ आहे.

(लेखिका आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थिनी व निवृत्त परिचारिका आहेत.)